शिट्टीखालची जागा

हल्ली आमच्या वयाच्या सगळ्यांना ते दिवस आठवतात, आणि बहुतेकांना चुकीचे आठवतात. परवा एका लग्नात माझ्याच वयाचा एक गृहस्थ पोटावर ताणलेला काळा टीशर्ट घालून आला होता. त्यावर कवटी, तिच्या दोन बाजूंना पंख. मला म्हणाला, "काय दिवस होते ना ते! आपण सगळे कसले वेडे होतो त्या म्युझिकचे!" मी होतो. हा नव्हता. हा तेव्हा आमच्या मागून "ए बाई" म्हणून ओरडत सायकलवरून जायचा. मी आयुष्यभर एका पतसंस्थेत हिशेब तपासले, त्यामुळे चुकीची नोंद दिसली की मला गप्प बसवत नाही. लग्नात मात्र गप्प बसलो. म्हणून इथे लिहितो.

पहिली दुरुस्ती आमच्याच बाजूची. लांब केस मोकळे सोडून, डोळ्यांत काजळ घालून, ओठ रंगवून, कातडी विजारी घालून गिटारी वाजवणारे ते परदेशी गायक रत्नागिरीत केबलबरोबर आले. आम्हाला वाटलं, हे जगातलं सगळ्यात नवं. प्रत्यक्षात तिकडे तोवर ते संपत आलं होतं. तिकडच्या पोरांनी त्यांना टाकून दिलं होतं आणि मळके शर्ट घालून गाणारे दुसरे कुणी धरले होते. आमच्याकडे बातमी पोचलीच नाही. उतरलेला माल आम्ही ताजा म्हणून घेतला आणि त्यासाठी घरच्यांशी भांडलो.

आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. पुढे जांभ्याच्या दगडांचा बुटका गडगा, मागे फणस. केबलची वायर घरमालकांच्या गच्चीवरून त्याच फणसाच्या फांदीला गुंडाळून आमच्या खिडकीतून आत यायची, आणि वारा सुटला की पडद्यावरचे गायक दोन-दोन दिसायचे. अण्णा, म्हणजे माझे वडील, मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात कारकून होते. ते घरी आले की बातम्या. त्यामुळे कॉलेजातून परत आल्यापासून अण्णांच्या सायकलचं चेनकव्हर उतारावर खडखडेपर्यंतचा वेळ माझा. त्याच वेळी आईचा संध्याकाळचा स्वयंपाक चाले. बांगडे तळण्याचा वास, कुळथाच्या पिठीला दिलेली लसणाची फोडणी आणि कुकर, यांच्या मधोमध ती माणसं धुराच्या ढगांतून चालत यायची. आईला त्यांचा राग नव्हता. परातीत पीठ मळता मळता ती मान वर करून बघायची. एक संथ गाणं होतं, त्यात सोनेरी केसांचा एक जण शेकडो मेणबत्त्यांमध्ये बसून डोळे मिटून गायचा. आईने एकदा विचारलं, "ह्याची बायको गेली काय रे?"

"नाही गं. तिने सोडलंय त्याला."

"सोडील नाय तर काय करील! तिच्यापेक्षा हाच जास्त नटतो." आणि पुढच्या वेळी ते लागलं तेव्हा तिनेच मला मागच्या अंगणातून हाक मारली, "ये रे, तुझा मेणबत्तीवाला आला."

गाण्यांची नावं आम्हाला क्वचितच कळत. ती खाली बारीक अक्षरांत यायची आणि वाचून होईपर्यंत जायची. म्हणून आमची आपली नावं: मेणबत्तीवालं, लाल गाडीवालं, पावसातलं. पावसातल्या गाण्यात मधोमध गिटारचा एकट्याचा मोठा तुकडा होता. तो मला काहीही करून हातात हवा होता. कॅसेट रत्नागिरीत मिळेना. तेव्हा मी टेपरेकॉर्डर टीव्हीच्या स्पीकरला टेकवून धरायचा आणि गाणं लागण्याची वाट बघायची, असा उद्योग कित्येक दिवस केला. शेवटी ते सापडलं. पण नेमका तो तुकडा ऐन भरात आला असताना कुकरची शिट्टी झाली. लांब, जोरकस, डाळ शिजल्याची शिट्टी. ते गाणं पुन्हा माझ्या वेळेत कधी लागलं नाही. शिट्टीच्या आधीचं आणि नंतरचं मी बोटांवर चढवलं. शिट्टीखाली काय होतं ते कळायला मार्ग नव्हता, म्हणून ती जागा मी माझ्या मनाने भरली. तीन-चारच सूर, पण बसवायला सगळ्यात जास्त वेळ त्यांनीच घेतला. खालून वर चढत जायचे आणि वर पोचल्यावर तार थोडी ओढून धरायची. थोडी शिट्टीसारखीच, आता विचार केला तर.

गिटार माझी नव्हती. दोन्ही गिटारी अनिरुद्धच्या होत्या. अनिरुद्ध माझ्या वर्गात; त्याच्या घरच्या आंब्याच्या बागा, मुंबईत आत्या, आणि आत्याकडून आलेली एक लालभडक नवी गिटार व एक जुनी काळी. त्यांच्या बंगल्यामागे आंब्यांची वखार होती. हंगाम नसताना ती रिकामी असे, तिथे आमचा सराव. हंगाम सुरू झाला की अर्ध्या जागेत पेंढ्यावर आंब्याच्या अढ्या लागत आणि उरलेल्या अर्ध्यात आम्ही. ड्रमवर मिलिंद. तो शिक्षकांचा मुलगा, लग्नांत बेंजो पार्टीबरोबर वाजवायचा आणि त्यामुळे आमच्यात खरं वाजवता येणारा तो एकटाच. अनिरुद्ध गायचा. आवाज बरा, उच्चार आत्याकडे राहून कमावलेले. लाल गिटारही तोच गळ्यात अडकवायचा, पण त्याची बोटं तारांवर नुसती फिरायची. वाजवायचो मी, काळीवर. अनिरुद्धचे वडील शहरातल्या एका मंडळाचे अध्यक्ष होते. दर वर्षी मे महिन्यात, मुंबईचे पाहुणे गावात असताना, मंडळाचं स्नेहसंमेलन व्हायचं. त्या वर्षी त्यात आम्हाला दोन गाणी मिळाली होती. त्यातलं एक पावसातलं.

मला त्या स्टेजवर उभं राहायचं होतं. बाकी काही नको होतं. परीक्षा, नोकरी, मुंबई, कशाचीच ओढ नव्हती. लांब केस पुढे टाकून, मान खाली घालून तो तुकडा वाजवायचा आणि संपल्यावर मान वर करायची. बस्स. त्यासाठी मी केस वाढवले होते. ते खांद्याखाली आले होते. अण्णा रोज जेवताना त्यांच्याकडे न बघता बोलायचे. "शिमग्याआधी कापायचे. ह्या झिपऱ्यांनी ग्रामदेवतेच्या पालखीला खांदा द्यायचा नाही."

"मेपर्यंत थांबा अण्णा. नंतर गोटा करतो."

"शिमग्याआधी."

शिमग्याला आम्ही गावी जायचो, संगमेश्वरच्या बाजूला. तिथे अण्णांचे थोरले भाऊ, तात्या. गावच्या नमनाचे तेच सूत्रधार. ज्यांनी नमन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो: मृदंग आणि झांजांवर गण होतो, मग गवळण, मग सोंगं. सगळी कामं पुरुषच करतात, राधासुद्धा. केस कापायला मला न्हाव्याकडे न्यायचं म्हणून अण्णांनी चप्पल पायात घातली होती, तेव्हा तात्या पडवीतून उठले. त्यांनी माझे केस हातात घेऊन वजन करावं तसे तोलले.

"खय न्हेतोस ह्याला?"

"न्हाव्याकडं. शोभतंय का हे पोराला?"

"अरं, राधा करनारा पोरगा मुंबयला चिकाटला. रजा नाय म्हनतो मेला. मी हितं डोक्याला हात लावून बसलोय, आनि तू राधेचं क्यास कापाया चाललास?" मग माझ्याकडे वळून, "तुला गंगावन पन नको रं! करशील?"

मी हिशेबी तेव्हापासूनच. म्हणालो, "करीन तात्या. पण मग केस मेपर्यंत राहतील. अण्णांनी शब्द द्यायचा."

तात्या खदाखदा हसले. "व्यापारी हाय रं तुजा पोरगा! दे शबुद." थोरल्या भावापुढे अण्णा कधी बोलले नाहीत. त्यांनी चप्पल काढली आणि म्हणाले, "दिला."

दुपारी तात्यांनी मला पडवीत बसवून रंगवलं. काकीचं हिरवं लुगडं, पावडर, गालाला लाली. काजळ घालताना त्यांनी माझी हनुवटी धरली आणि रेघ डोळ्याच्या कोपऱ्याबाहेर थोडी ओढली. आरशात पाहिलं तर मेणबत्तीवाल्याची तीच रेघ. वर्षभर ज्या चेहऱ्यासाठी मी शिव्या खाल्ल्या होत्या, तो चेहरा माझा काका पडवीत बसून, विडी ओठांत धरून, काळजीने काढत होता. अंगणातून बायका डोकावून "गो बाय, कसली देखनी" म्हणत होत्या, आणि कुणालाही त्यात काही गैर वाटत नव्हतं. पालखी अंगणात आली, ऊन उतरलं, मृदंग लागला, आणि मी नाचलो. चांगला नाचलो. हे मी फुशारकीने सांगत नाही. अण्णा खांबाला टेकून उभे होते. मी पेंद्याला मडकं मारल्याचा अभिनय केला तेव्हा ते मोठ्याने हसले. अण्णांना तसं हसताना मी फार वेळा पाहिलेलं नाही.

गावातल्या एका मुंबईकराने त्या वर्षी भाड्याचा व्हिडिओ कॅमेरा आणला होता. ती कॅसेट आठवड्यात रत्नागिरीत पोचली. आमचा केबलवाला संध्याकाळी स्वतःची एक वाहिनी चालवायचा. त्यावर लग्नं, मुंजी, गणपती, नमनं असं काहीही लागे. आमच्या फणसावरून येणाऱ्या त्याच वायरीतून, जिथून ते लोक यायचे, तिथूनच एका संध्याकाळी मी आलो. आईने शेजारच्या बायकांना बोलावलं. मीही पाहिलं, आणि खरं सांगायचं तर मला ते आवडलं. अनिरुद्धच्या बंगल्यातही केबल होती, हे माझ्या डोक्यात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी वखारीत गेलो तर अनिरुद्ध आंब्याच्या पेटीवर बसला होता. मिलिंद ड्रमचे स्क्रू आवळत होता.

"या राधाबाई," अनिरुद्ध म्हणाला.

मी हसलो. मला वाटलं, तोही हसतोय.

"काल घरी पाहुणे बसलेले. पप्पा म्हणाले, हा तुमचा गिटारवाला ना? हा नाच्या आहे का? काय सांगू मी त्यांना?"

"सांग की नमनात राधा केली म्हणून."

"अरे, हॉलमध्ये सगळे तेच लोक येणार. तू स्टेजवर आलास की हसतील. पूर्ण बँडचं नाव जाईल."

"आपणही काजळ घालणारच होतो. तूच आत्याकडून लिपस्टिक मागवलीस."

"ते वेगळं."

"वेगळं कसं?"

"ते वेगळं रे. ते रॉक आहे. हे..." त्याने हाताने संगमेश्वरच्या दिशेला काहीतरी केलं. "हे गावठी आहे."

मिलिंदने मान वर केली. "कंपनी एकच असेल काजळाची."

"तू गप रे. तू बेंजोवाला."

मिलिंद पुन्हा स्क्रू आवळायला लागला. मग अनिरुद्धने तोडगा काढला, आणि तो त्याने फार उदारपणे काढला, हे मला आजही आठवतं. कार्यक्रमातून मला काढायचं नाही. मी विंगेत बसायचं, पडद्याआड, काळी गिटार घेऊन. लाल गिटार घेऊन तो पुढे उभा राहील, गाईल आणि तुकडा आला की बोटं फिरवील. "टीव्हीवर तरी कुठे खरं वाजवतात? सगळे नुसती बोटंच फिरवतात. कुणाला कळत नाही." आणि मग, "केसांचं काय करू? पप्पा वाढवू देत नाहीत. तुमच्या त्या नमनवाल्यांकडे टोप असतो ना? तेवढा आणशील?"

मी हो म्हणालो. का म्हणालो, हे मला पुष्कळ जणांनी विचारलं असतं तर मी उत्तर तयार केलं असतं. कुणी विचारलंच नाही. गिटार त्याची होती. अंगणात बसून तारा लावलेली एखादी फळी वाजवून मला तो तुकडा वाजवता येणार नव्हता. एवढंच.

टोप तात्यांकडून मीच आणला. स्नेहसंमेलनाच्या संध्याकाळी हॉलच्या मागच्या दाराने आत जाऊन विंगेत एका पाटावर बसलो. बाजूला कोकमच्या बाटल्यांचे क्रेट होते. तिथून मला स्टेजचा एक कोपरा आणि अनिरुद्धची पाठ दिसत होती. पाठीवर तात्यांचा टोप. पहिलं गाणं झालं. दुसऱ्यात तो तुकडा आला. मी केस पुढे टाकले, मान खाली घातली आणि वाजवला. शिट्टीखालची जागा आली तेव्हा बोटं आपोआप वर चढली, मी तार ओढून धरली, आणि हॉलमधून असा आवाज आला की मला वाटलं छप्पर हललं. टाळ्या. लोक "वन्स मोअर" ओरडत होते. मी मान वर केली. समोर कोकमचे क्रेट होते. अनिरुद्ध पुढे वाकून नमस्कार करत होता.

बाहेर आलो तर अण्णा गेटपाशी उभे होते. ते येणार आहेत हे त्यांनी सांगितलं नव्हतं. कारखान्यातून सुटून, घरी जाऊन, इस्त्रीचा शर्ट घालून ते आले होते. आम्ही चालत निघालो, ते सायकल हातात धरून. चेनकव्हर खडखडत होतं. उताराला लागल्यावर त्यांनी विचारलं, "तू कुठे होतास?"

"आत. विंगेत."

"मग ती गिटार?"

"मीच वाजवली. तो नुसता हात फिरवत होता."

"आत कशाला बसलास?"

मी सांगितलं. नमनाची कॅसेट, पाहुणे, नाच्या, सगळं. अण्णा थांबले. मला वाटलं, आता म्हणतील की बरं झालं, अक्कल आली. ते म्हणाले, "मी तिसऱ्या रांगेत बसून तुला शोधत होतो." मग पुन्हा चालायला लागले. घर जवळ आलं तेव्हा म्हणाले, "राधा तर समोर येऊन केलीस."

दुसऱ्या दिवशी मी केस कापले. अण्णांनी सांगितलं नव्हतं. मेचा शब्द त्यांनी पाळला होता. वखारीत मी पुन्हा गेलो नाही. तात्यांनी पुढच्या शिमग्याला निरोप पाठवला, पण राधेला केस नव्हते आणि करणाऱ्याला मन नव्हतं. कॉलेजात मात्र राधा टिकली. कॉरिडॉरमध्ये, परीक्षेच्या हॉलमध्ये, पुढे नोकरीला लागल्यावर बाजारात. मिलिंद तेवढा मला नावाने हाक मारायचा. तो आता नाही.

तर आता लिहिण्याच्या खऱ्या कारणावर येतो; लग्न नुसतं निमित्त. आमच्या कॉलेजच्या मुलांचा फोनवर गट आहे. अनिरुद्ध त्याचा प्रमुख, जसा त्याचा बाप मंडळाचा होता. त्याने जाहीर केलं की वेळणेश्वरला एका रिसॉर्टवर त्या जुन्या गाण्यांची संध्याकाळ करायची, सगळ्यांनी टोप घालून, काजळ लावून यायचं, फुल धमाल. आता काजळ चालतं. आणि सोबत त्याने मंडळाच्या त्या संमेलनाची चित्रफीत टाकली; कुणाच्या तरी माळ्यावर सापडलेली, पुसट, पण आवाज स्वच्छ. अनिरुद्ध, टोप, लाल गिटार. खाली लोकांनी लाल बदाम टाकले. एका बाईंनी लिहिलं, "तो सोलो आजही अंगावर काटा आणतो."

माझी मुलगी बाजूला बसली होती. तिने फोन घेतला आणि दोनदा बघितलं. "बाबा, यात तू कुठे आहेस?"

"आवाज माझा आहे."

तिला एवढ्याने पटलं नाही. हिशेबी घरातली आहे. तिने तिच्या फोनवर मूळ गाणं शोधलं, एका मिनिटात, आणि तो तुकडा लावला. मी तो अख्खा, शिट्टीशिवाय, पहिल्यांदा ऐकला. मी गाणं शोधू शकलो असतो इतकी वर्षं. शोधलं नव्हतं. ती म्हणाली, "इथे वेगळं आहे. यांचं खाली उतरतं, तुझं वर जातं. तुझं चांगलं आहे."

तेवढ्यात गटात आणखी कुणाच्या तरी लक्षात आलं. त्याने विचारलं, "अन्या, मधे ओरिजिनलपेक्षा वेगळं वाजवलंयस का रे?"

अनिरुद्धने लिहिलं, "हो. तिथे मी माझं स्वतःचं टाकलं होतं. वयच तसं होतं."

मुलगी म्हणाली, "बाबा, लिही. आत्ता लिही." मला फोनवर मराठी लिहायला वेळ लागतो. मी लिहिलं, "तिथे माझ्या आईच्या कुकरची शिट्टी झाली होती. खालचे सूर ऐकू आले नाहीत, म्हणून मी ते बनवले. अनिरुद्धच्या गिटारला त्या दिवशी वायर नव्हती." पुन्हा वाचलं, एक अनुस्वार दुरुस्त केला आणि पाठवलं.

मग हसून डोळ्यांत पाणी आलेला एक चेहरा आला. मग दुसरा. मग ओळीने. "कुकर! हाहाहा." "हिशेबनीस फॉर्मात." आणि शेवटी अनिरुद्धचा: "राधे, तुझा विनोद अजून तसाच. ये नक्की. या वेळी तुला पुढे उभं करतो. टोप मी आणतो."